लाटांचा आवाज वाढव

इकडं ये मनू, अशी जवळ बस. तू पुण्यात अन् मी इथं, तर कागदावरच बस, पण बस. अन् कानातली ती बोंडं आधी काढ. गेल्या खेपेला आलीस ती निम्मा वेळ फोनात तोंड घालून. मी विचारलं, एवढं काय बघतीस गं, तर म्हणालीस, "आत्या, डिटेक्टिव्ह सिरीज आहे, समुद्रावरची. तुला नाही कळायची." मला नाही कळायची? अगं, तुझा बाप दहावीत नापास होत होता तेव्हा मी समुद्रावरचा गुप्तहेर कोळून प्यायलेली बाई आहे. वर निघताना आजोबांच्या फोटोला हात जोडलेस अन् म्हणालीस, "किती सरळ होते ना अण्णा." तुझ्या पिशवीत चिवडा भरत होते, तो भरत राहिले. पण तू गेल्यावर ते "सरळ" माझ्या घशात अडकून बसलं, ते आज खाली उतरवते. रागावलीस तर रागाव. ऐक मात्र सगळं.

आमचं घर छावणीतल्या एका गल्लीत होतं, हे तुला माहीत आहे. तुझ्या बापानं ते विकलं, आता तिथं तीन मजले चढलेत. तेव्हा पुढं एक मोठी खोली, मागं स्वयंपाकघर, त्याच्या मागं न्हाणी अन् न्हाणीत जमिनीत बांधलेला हौद. पाणी दिवसाआड, संध्याकाळी सहाच्या सुमाराला यायचं. आमच्याकडं वारांना नावं नव्हती, दोनच दिवस होते बघ: पाण्याचा अन् बिनपाण्याचा. बिनपाण्याच्या दिवशी गल्लीत घरोघर धपाटे व्हायचे, कारण धपाट्याला ताटं कमी लागतात, एका फडक्यात सगळं निभतं. पाण्याच्या दिवशी येसर आमटी, भात, भांडी घासायची चैन. कुणाच्या घरात काय शिजलंय यावरून गल्लीतल्या बाया नळाचा हिशोब सांगायच्या. बिनपाण्याच्या दिवशी कुणाकडं आमटीचा वास आला की लगेच, "यांच्याकडं लई साठा दिसतो!" आमच्याकडून तो वास नेहमीच यायचा. मला वाटायचं, आमची आई काटकसरी.

गल्लीच्या पार शेवटी, उताराला नव्हे, चढाला, नसरीनचं घर. तिची अम्मी, म्हणजे आमची खाला, साहेब लोकांचे कपडे धुऊन, खळ घालून, इस्त्री करून द्यायची. नवरा गेलेला. खालाची खळ अशी की शर्ट खुर्चीवर बसवला तर माणसाशिवाय बसेल. तिच्या दारात सतत ओले कपडे, दोऱ्याच दोऱ्या. नसरीन माझ्याच वर्गात, बारावीला. दोघींनी पुढं बी.ए.ला एकदम नाव घालायचं असं ठरलेलं. ती नखरेल, बोलायला तिखट, मी आपली भित्री. तिच्या हातांना कायम भातखळीचा वास यायचा, अन् तळव्यांना घट्टे, कारण खाला वापरत होती ते बहुतेक पाणी नळाचं नव्हतंच. मैदानाच्या पलीकडं हापसा होता, तिथून नसरीन घागरी आणायची. त्यांच्या नळाला करंगळीएवढी धार यायची, तीही यायची तेव्हा. हे सगळी गल्ली बघत होती, मनू. डोळ्यांनी बघत होती.

अन् मग आमच्याकडं केबल आली. गल्लीत पहिला रंगीत टीव्ही अण्णांनी घेतला. चितेगावच्या कंपनीत ते स्टोअरला होते, बढती मिळालेली, त्या आनंदात. रोज सहाला एक परदेशी मालिका लागायची, हिंदीत डब केलेली. त्यातला गुप्तहेर सोनेरी केसांचा, अनवाणी, अर्ध्या चड्डीवर हिंडणारा. समुद्राच्या काठावर लाकडी खोपटात राहायचा अन् उठला की एक लांब फळी काखेत मारून लाटांवर उभा राहायला पळायचा. खून झाला तरी आधी लाट, मग खून. एक पोलीसबाई होती, ती काठावर उभी राहून त्याला हाका मारायची, अन् हा पाण्यातून निथळत यायचा, केसांतली वाळू झटकायचा अन् म्हणायचा, चोर तो नाही, तो आहे. त्याचं खरं नाव आमच्या जिभेला वळायचं नाही. नसरीननं त्याचं नाव "फळीवाला" ठेवलं, तेच गल्लीभर झालं. मी मुरमुऱ्यांचा सुशीला करून ठेवायची, खोबरं-कोथिंबीर टाकून, अन् आम्ही दोघी एका ताटलीत खात बसायचो. समुद्र आम्ही कुणीच बघितलेला नव्हता. खाला एकदा कपड्यांचं गाठोडं द्यायला आली, दारातच उभी राहून बघत राहिली. लाटेवर लाट, लाटेवर लाट. म्हणाली, "या अल्ला! इत्ता पानी, और एक बी औरत घडा लेके खडी नै!" आम्ही हसून हसून ठसका लागेपर्यंत हसलो. आज टीव्हीवर समुद्र दिसला की मला तेच वाक्य ऐकू येतं, हसू मात्र येत नाही.

आता अण्णांची गोष्ट. अण्णांना ती मालिका पसंत नसणार, असं मी धरून चालले होते. उघडी माणसं, उघड्या बायका. पहिल्या दिवशी मी घाबरत घाबरतच लावली. अण्णा कामावरून आलेले, पाय धूत होते. म्हणाले, "काय आहे हे?" म्हटलं, "गुप्तहेर आहे अण्णा, समुद्रावरचा." ते क्षणभर बघत राहिले, लाट फुटली, धडाड्. अन् ते म्हणाले, "मंगल, आवाज वाढव गं." मला किती आनंद झाला म्हणून सांगू. अण्णा कधी आमच्याशी बसून बोलायचे नाहीत, काय शिकतीस विचारायचे नाहीत. माझी एक गोष्ट त्यांना आवडली होती. मग अधूनमधून, मालिका लागली की मागून हाक यायची, "मंगल, लाटांचा आवाज वाढव!" मी पळत जाऊन बटण फिरवायची. एवढा आवाज की खिडकीची काच थरथरायची. मैत्रिणींना मी मोठ्या तोऱ्यात सांगायची, आमच्या अण्णांना फळीवाला लई आवडतो.

तेव्हा गल्लीत नळाची भांडणं सुरू झाली होती. पाणी यायचं, फस् करायचं अन् जायचं. कुणीतरी लाइनीला डायरेक्ट मोटर लावतंय, अशी कुजबुज. तुमच्या पुण्याच्या सोसायटीत तुला हे ठाऊक नसेल, म्हणून सांगते. नळाला थेट मोटर जोडली की ती पुढच्या-मागच्या सगळ्यांच्या वाट्याचं पाणी ओढून घेते, लाइन चोखून काढते म्हण ना. चोरीच ती. फक्त गुन्हा कुणी मानत नाही. संशय घ्यायचा तर कुणावर? बाई एकटी, धंदा धुण्याचा, घर शेवटचं, नाव वेगळं. याच्याहून सोयीचं माणूस कुठं सापडणार? बाबूराव कंडक्टर आमच्या ओट्यावर बसून म्हणाले, "अण्णा, एवढे कपडे काय हवेवर धुतंय का माणूस?" अन् अण्णा म्हणाले, मला लख्ख आठवतं, "मी कुणाचं नाव घेत नाही बाबूराव. पण दोऱ्या तर रोज भरलेल्या दिसतात." नाव न घेता माणसाला कसं बुडवावं हे त्यांच्याकडून शिकावं. मी तेव्हा आतून ऐकलं अन् मला वाटलं, खालाला एकदा विचारायला हवं. बघ, मी पण.

उलगडा केला तो नसरीननं, अन् तिला स्वतःला पत्ताही नव्हता. एका संध्याकाळी फळीवाला बघता बघता ती म्हणाली, "तुमारा टीव्ही इसकू दुबला कायकू करता गे?" मी म्हटलं, म्हणजे? म्हणाली, "देख ना. कल कैसा गोल-गोल था. आज दोनो बाजू से कट गया. एक दिन मोटा, एक दिन दुबला." खरंच होतं. चित्र दोन्ही कडांनी आत आलेलं, काळ्या पट्ट्या पडलेल्या, फळीवाला काडीसारखा झालेला. मी म्हटलं, केबलवाल्याचं काहीतरी असेल. पण ते मनातून जाईना. एक दिवस जाडा, एक दिवस बारीक. दिवसाआड. दिवसाआड आमच्या गल्लीत दुसरं काय यायचं गं? अन् मग आठवलं की आवाज वाढव ही हाक पण रोज नाही येत. बिनपाण्याच्या दिवशी अण्णा पेपर वाचत बसतात अन् म्हणतात, "बारीक कर ते, डोकं उठलं."

न्हाणीत सहा वाजता जायला आम्हाला मनाई होती, आई अंग धुते म्हणून. आईला रोज नव्हे, दिवसाआडच सहा वाजता अंग धुवावं लागतं, हेही मला कधी खटकलं नव्हतं. पुढच्या पाण्याच्या दिवशी मी टीव्ही तसाच चालू ठेवून मागं गेले. न्हाणीत आई कोरडी, पाटावर बसलेली. कोपऱ्यात घंगाळ पालथं घातलेलं, त्यावर बारदान, अन् आत काहीतरी गुरगुरत होतं. पाइप हौदाच्या झाकणाखाली गेलेला. मोटर होती ती, तिनं वीज ओढली की टीव्हीचं चित्र आक्रसायचं. आईनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, "नळ आला की बटण दाबायचं, एवढंच मला सांगितलंय. जा, तुझं समुद्राचं बघ." मी परत येऊन बसले. फळीवाला कुणाला तरी पकडत होता. नसरीननं विचारलं, "कहाँ गई थी?" मी सुशीला तोंडात कोंबला.

तिला सांगायचं कसं? अन् न सांगता राहायचं कसं? मी स्वतःची समजूत काढली की अण्णा स्वतःच काहीतरी करतील. गल्लीत एवढं वाढलंय म्हटल्यावर गपचूप मोटर काढून टाकतील, प्रश्न मिटेल. मालिकेत चोराला शेवटी घाम फुटायचा, तो समुद्राकडं पळायचा अन् फळीवाला त्याला लाटेत गाठायचा. आमच्याकडं चोराला घाम बिम काही फुटला नाही. आमच्याकडं चोरालाच पंच केलं.

हो, पंच. गल्लीनं ठरवलं की निकाल लावायचा, अन् तो अण्णांच्या घरी लावायचा, कारण अण्णा शांत माणूस, अण्णा सरळ माणूस. पाण्याचाच दिवस निवडला, म्हणजे नळ कोरडा आहे हे सगळ्यांदेखत ठरेल. बाबूराव आले, जोशीकाका आले, आणखी चारदोन जण. खालाला बोलावलेलं, ती चौकटीला टेकून उभी, पदरानं हात पुसत. तिच्यामागं नसरीन. प्रश्न एकच होता: खालाच्या नळाला बूच मारायचं की नाही. बूच मारलं की होती ती धारही गेली अन् तिचा धंदा बसला, अन् धंदा बसला की तिनं घराचं भाडं कुठून भरायचं? हे सगळ्यांना कळत होतं. खाला म्हणत होती, "साब, मेरे घर में आके देखो. मोटर छोडो, पंखा बी नै है." जोशीकाका म्हणाले, "आज नसेल. काढून ठेवली असेल." नसरीन म्हणाली, "काका, हात दिखाऊँ? घागर के घट्टे दिखाऊँ?" बाबूराव म्हणाले, "पोरीनं मोठ्यांत बोलायचं नसतं."

टीव्ही कोपऱ्यात चालूच होता, मालिका नुकतीच लागलेली. नळाची वेळ झाली. अन् माझ्या डोळ्यांसमोर ते चित्र दोन्ही बाजूंनी आत सरकलं. फळीवाला बारीक झाला. आईनं बटण दाबलं होतं. तिला जेवढं सांगितलं होतं तेवढं ती करत होती. अण्णांनी माझ्याकडं न बघता, अगदी मायेनं म्हटलं, "मंगल, पोरी कंटाळल्यात. लाटांचा आवाज वाढव गं."

मी उठले. बटणाला हात लावला. मनू, त्या बटणाचा स्पर्श मला अजून बोटाला आहे, गोल, कडेला रेघा असलेलं. मी ते उलटं फिरवलं. समुद्र गप्प झाला. लाटा येत होत्या, फुटत होत्या, अन् आवाज नाही. अन् मग त्या शांततेत मागून, भिंतीपलीकडून, ते आलं. घूंऽऽऽ. एकसारखं. जमिनीतून पायात येईल असं. मी अण्णांकडं बघत उभी राहिले. मला वाटलं, झालं. आता सगळं झालं. फळीवाल्यानं एवढं केलं की पुढचं पुढच्यांनी करायचं असतं.

बाबूराव चपलेकडं बघत होते. जोशीकाका खाकरले. त्यांनी न्हाणीच्या दिशेला मान वळवली, परत वळवली अन् म्हणाले, "फ्रीज घेतला वाटतं, अण्णा?"

अण्णा म्हणाले, "व्हय. कालच."

"आवाज करतो जरा."

"नवीन आहे ना. बसेल हळूहळू."

आमच्याकडं फ्रीज नव्हता. फ्रीज आला असता तर निम्मी गल्ली तो उतरवायला धावली असती, पेढे खाल्ले असते. एकाही माणसाला खरं वाटलं नाही, अन् एकानंही विचारलं नाही की चला बघू, कसला घेतला. मला पुढं कळलं की बाबूरावांच्या संडासामागं एक "फ्रीज" होता, अन् जोशीकाकांनी दुकानदाराला सांगून ठेवलेला. खालाच्या नळाला त्याच आठवड्यात बूच मारलं. बूच मारायला पाना आमच्या घरातून गेला. उठताना सगळे चहा पिऊन गेले. पाणी भरपूर होतं.

नसरीन जाताना माझ्याजवळ थांबली. मला वाटलं, हात धरेल. मी आवाज बंद केला होता ना, तिच्यासाठी केला होता ना. तिनं माझ्याकडं नीट बघितलं अन् विचारलं, "कबसे मालूम था गे तेरेकू?" मी म्हटलं, "चार दिस." ती म्हणाली, "चार दिन मैंने घागर ढोई," अन् अम्मीच्या मागं चालू लागली. मी तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं ते आता तू बघितलंसच: मी तर गल्लीभर ऐकवलं, काय झालं? पण तिला ते कोण सांगणार.

अण्णांनी मला मारलं नाही. लोक म्हणतात तेही खरं, ते हात उचलणारे नव्हतेच. त्यांनी टीव्हीची वायर काढली अन् जेवताना आईला म्हणाले, "हिला लई ऐकू यायला लागलंय. जास्त शिकलं की असं होतं." बस. बी.ए. तिथं संपलं. थोड्याच दिवसांत घरात खरंच फ्रीज आला, पांढरा, छातीएवढा. खोटं बोलायला लागू नये म्हणून अण्णांनी फ्रीज आणला बघ, असे सरळ. अन् त्याच वर्षी माझं लग्न झालं तेव्हा तोच फ्रीज, एका कोपऱ्याला पोचा पडलेला, माझ्याबरोबर टेम्पोत बसून फर्दापूरला आला. सासूबाई म्हणाल्या, "बापानं लेकीला काही कमी केलं नाही हो."

फर्दापूरला तुझ्या काकांचं किराणा दुकान. पुडी बांधायच्या रद्दीतून मी वाचायला शिकले, म्हणजे खरं वाचायला. अर्धी बातमी, गोष्टीचा मधलाच भाग, शेवट दुसऱ्या कुणाच्या डाळीला गेलेला. तिथं लेणी बघायला आलेला एक सोनेरी केसांचा माणूस दुकानात आला होता, अगदी फळीवाल्यासारखा. मी बघतच राहिले. त्यानं पाण्याची बाटली घेतली, दाराबाहेर उभा राहून त्या पाण्यानं पाय धुतले, धूळ झटकली अन् गेला. मी रिकामी बाटली उचलून आत आणली.

खाला बूच मारल्यावर महिनाभरात गल्ली सोडून गेली. दोऱ्या मात्र बरेच दिवस तशाच होत्या, रिकाम्या. आमच्या गल्लीत मोटरीला मग सगळेच "फ्रीज" म्हणायला लागले. "आज फ्रीज लावला का?" "तुमचा फ्रीज लई ओढतो." हसायचे. चोरी राहिली नाही ती, थट्टा झाली. अन् अण्णा गेले तेव्हा तेराव्याला याच लोकांनी भाषणं केली, अण्णांनी गल्लीतली पाण्याची भांडणं मिटवली म्हणून. तू रडलीस तेव्हा. मी तुझ्या पाठीवर हात फिरवत होते अन् मनात म्हणत होते, आवाज वाढवा, आणखी वाढवा.

आता आम्ही परत शहरात आलोय, गुडघे गेलेत, पाणी अजून तसंच आहे, दिवसाआड होतं ते आता आठवड्यावर गेलंय. तो फ्रीज मी टाकला नाही. बंद आहे कधीचा, त्यात डाळी ठेवते. मुंग्या लागत नाहीत. नसरीनला मी एकदा बघितलं. छावणीच्या बाजारात तिचं कपडे धुण्याचं दुकान आहे, मोठं, मशिनी लावलेलं. मी पायरीवर उभी राहिले. तिनं लगेच ओळखलं. केस पांढरे, पण डोळे तेच तिखट. म्हणाली, "मंगलू. फ्रीज कैसा है?" मी म्हटलं, "बंद पडलाय." ती म्हणाली, "अच्छा," अन् पुढच्या गिऱ्हाइकाचा शर्ट झटकला. खळ तशीच कडक.

म्हणून सांगते, ये. दिवाळीची वाट बघू नकोस, लवकर ये. पुण्याची बस नगर नाक्याला थांबते, तिथंच उतर अन् रिक्षावाल्याला बाजारातून घे म्हण. नसरीन मावशीच्या दुकानाशी थांब. तिला सांग, मी अण्णांची नात, मंगल आत्यानं बोलावलंय, सुशीला करून ठेवलाय, अन् घरात मोटर नाही. ती येणार नाही, मला ठाऊक आहे. पण तू तिचे हात बघून ये. अन् इकडं आलीस की टीव्ही लावू आपण, तुझा तो समुद्र लाव, मीही बघते तुझा गुप्तहेर कसा आहे. आवाज मात्र बंद ठेवू.